हिरव्यांचा झेंडा हिरवा नव्हता: माँटेनेग्रोतला १९१९ चा राजनिष्ठ उठाव आणि त्याची निशाणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९१९ च्या जानेवारीत माँटेनेग्रोमध्ये राजा निकोलाच्या बाजूने लोकांनी शस्त्रं उचलली, त्यांना 'हिरवे' म्हणतात. त्यांच्याविषयीच्या लेखासोबत झेंड्याचं चित्र द्यायचं आहे, पण इंटरनेटवर एकाच नावाखाली तीन-चार वेगवेगळी चित्रं सापडतात: कुठे हिरवं कापड, कुठे लाल कापडावर सोनेरी गरुड, कुठे तिरंगी पट्टे, कुठे पांढरा क्रूस. यातलं खरं कोणतं?

जुने झेंडे आणि गणवेश यांची ओळख पटवण्याचं काम मी अनेक वर्षं करतो आहे. बाल्कनमधल्या निशाणांबाबत हा घोळ मला वारंवार भेटतो. आजच्या राजकारणात ज्या गटाचा जो रंग, तो शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांच्या हातात देऊन आपण मोकळे होतो. हिरव्यांचं नेमकं हेच झालं आहे. त्यांचा झेंडा ओळखायचा तर आधी ते स्वतःला काय समजत होते हे पाहावं लागतं, म्हणून सुरुवात इतिहासापासून करतो.

पेत्रोविच-न्येगोश घराणं माँटेनेग्रोवर १७व्या शतकाच्या अखेरीपासून सत्ता चालवत होतं. सुरुवातीला हे राज्यकर्ते धर्माधिपती होते. बिशप ब्रह्मचारी असल्यामुळे गादी काकाकडून पुतण्याकडे जायची. १८५२ मध्ये दानिलोने ही प्रथा मोडून स्वतःला राजपुत्र म्हणवून घेतलं, आणि १८६० मध्ये त्याचा पुतण्या निकोला गादीवर आला. १८७८ च्या बर्लिन परिषदेत माँटेनेग्रोला स्वतंत्र देश म्हणून मान्यता मिळाली. १९१० मध्ये, राज्यकारभाराला पन्नास वर्षं झाली तेव्हा, निकोलाने राजा ही पदवी घेतली.

निकोलाच्या मुली युरोपभरच्या राजघराण्यांत दिल्या होत्या. एलेना इटलीची राणी झाली, मिलित्सा आणि आनास्तासिया रशियाच्या ग्रँड ड्यूकांकडे गेल्या, आणि थोरली झोर्का सर्बियाच्या पेतार काराजोर्जेविचला दिली. झोर्का १८९० मध्ये वारली. पेतार पुढे, १९०३ मध्ये, सर्बियाचा राजा झाला आणि त्यांचा मुलगा आलेक्सांदर पहिल्या महायुद्धात सर्बियाचा कारभारी राजपुत्र. म्हणजे १९१८ मध्ये ज्या घराण्याच्या नावाने निकोलाची गादी गेली, त्या घराण्याचा वारस निकोलाचा सख्खा नातू होता. या उठावात भावकीचा कडवटपणा इतका का होता, याचं एक कारण इथेच सापडतं.

निकोला स्वतः सर्ब एकीचा विरोधक मुळीच नव्हता. तो कवी होता, आणि तरुणपणी त्याने लिहिलेल्या कवितांत गमावलेली सर्ब भूमी परत मिळवण्याचीच आस आहे. फक्त ती एकी आपल्या घराण्याच्या नेतृत्वाखाली व्हावी असं त्याला वाटे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र बेलग्रेडमध्ये शिकलेल्या तरुणांना त्याची एकछत्री सत्ता जाचू लागली. १९०५ मध्ये त्याने संविधान दिलं, पण विरोधकांवर पाळत, अटका आणि खटले चालूच राहिले. त्यातून शिकलेली पिढी आणि राजाचे जुने सरदार यांच्यात जी फूट पडली, तीच पुढे पांढऱ्या, म्हणजे सर्बियात विलीन होऊ पाहणाऱ्या गटात, आणि हिरव्यांत दिसते.

महायुद्धात माँटेनेग्रो सर्बियाच्या बाजूने उतरला. जानेवारी १९१६ मध्ये, ऑर्थोडॉक्स नाताळाच्या दिवसांत, सेर्दार, म्हणजे सेनापती, यांको वुकोतिचच्या सैन्याने मोयकोवात्स इथे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेला अडवून धरलं. अल्बानियाच्या डोंगरांतून माघार घेणाऱ्या सर्बियन सैन्याची पाठ त्यामुळे सांभाळली गेली. त्याच काळात लोव्चेनचा डोंगर पडला, राजधानी त्सेतिन्ये पडली, आणि निकोला देश सोडून आधी इटलीत, मग फ्रान्समध्ये गेला. सैन्य विखुरलं, अनेक अधिकारी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या छावण्यांत नजरकैदेत गेले. राजाने मैदान सोडलं हा आरोप विरोधकांनी पुढे पुरेपूर वापरला. निकोलाचाच माजी पंतप्रधान आंद्रिया रादोविच १९१७ मध्ये त्याच्यापासून फुटला आणि सर्बियात विलीन होण्याचा प्रचार करणारी समिती चालवू लागला.

१९१८ च्या शरद ऋतूत ऑस्ट्रिया-हंगेरी कोसळलं आणि सर्बियन फौजा माँटेनेग्रोत शिरल्या. विलीनीकरण हवं असलेल्यांनी नवी 'महासभा' भरवायचं ठरवलं. तिचे नियम त्यांनीच केले. लोकांनी आधी प्रतिनिधी निवडायचे आणि त्या प्रतिनिधींनी सभासद, अशी दुहेरी पद्धत होती. १९०५ च्या संविधानात अशा सभेला जागाच नव्हती. सभेसाठी त्सेतिन्ये टाळून पोदगोरित्सा निवडलं गेलं, कारण त्सेतिन्येत राजाचे लोक जास्त होते. राजा फ्रान्समध्ये अडकलेला, फ्रेंच सरकार त्याला परत जाऊ द्यायला तयार नव्हतं. २६ नोव्हेंबर १९१८ रोजी या सभेने निकोला आणि त्याच्या घराण्याला पदच्युत केलं आणि माँटेनेग्रो सर्बियाशी जोडला. पाचच दिवसांनी, १ डिसेंबरला, बेलग्रेडमध्ये सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचं राज्य जाहीर झालं.

नावाचा उगम याच निवडणुकीत आहे. बिनशर्त विलीनीकरण मागणाऱ्यांची उमेदवारयादी पांढऱ्या कागदावर छापली होती, विरोधकांची हिरव्या कागदावर. त्यावरून एक 'ब्येलाशी', म्हणजे पांढरे, आणि दुसरे 'झेलेनाशी', म्हणजे हिरवे. या हिरव्याचा निसर्गाशी, धर्माशी किंवा घराण्याच्या निशाणाशी काही संबंध नाही. कोणी हिरव्या कापडाखाली लढायला निघालं म्हणून हे नाव पडलेलं नाही. हिरव्या पार्श्वभूमीचे जे झेंडे आज नेटवर फिरतात, ते पक्षाच्या नावावरून उलट्या दिशेने रंग काढून बनवलेले आहेत. लेखात ते वापरू नयेत, हा माझा स्पष्ट सल्ला आहे.

सगळे हिरवे एका सुरात बोलत नव्हते. योवान प्लामेनात्ससारखे नेते राजाच्या पुनःस्थापनेसाठी झटत होते. पण शस्त्र घेऊन उतरलेल्यांपैकी पुष्कळांना सर्बियाशी एकत्र येणं मान्य होतं, स्वतःला सर्ब म्हणवण्यातही त्यांना अडचण नव्हती. त्यांचा राग पद्धतीवर होता. चाळीस वर्षं मान्यता असलेलं, दोन बाल्कन युद्धं आणि एक महायुद्ध लढलेलं राज्य एका घाईच्या सभेत पुसून टाकलं गेलं, ते बरोबरीच्या नात्याने नव्या देशात गेलं नाही, ही त्यांची तक्रार होती. उठावाचा लष्करी नेता कॅप्टन क्रस्तो पोपोविच याने सर्बियन सेनापती जनरल मिलुतिनोविचकडे ज्या मागण्या पाठवल्या त्यांचा गाभाही हाच होता: पोदगोरित्साचा निर्णय रद्द धरा, आणि माँटेनेग्रोला दक्षिण स्लाव राज्यात इतरांच्या बरोबरीचा घटक म्हणून येऊ द्या. झेंड्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या मागणीत आहे. ही माणसं स्वतःला नवं काही उभारणारे बंडखोर मानत नव्हती. आपण जुन्या, कायदेशीर राज्याचे सैनिक आहोत आणि बेकायदेशीर वागले ते पोदगोरित्साचे लोक, असं त्यांचं म्हणणं होतं. असं म्हणणारा माणूस स्वतःसाठी नवा झेंडा शिवून घेत नाही.

जानेवारी १९१९ च्या पहिल्या आठवड्यात हिरव्यांनी त्सेतिन्ये, निकशिच, विरपाझार आणि रियेका त्स्र्नोयेविचा या गावांभोवती वेढे टाकले. जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळाच्या आदल्या दिवशी, म्हणजे ६ जानेवारीला, त्सेतिन्येपाशी मुख्य चकमक झाली. म्हणून याला 'नाताळचा उठाव' म्हणतात. तीन वर्षांपूर्वी बरोबर याच दिवसांत यातल्या कित्येकांनी मोयकोवात्सला सर्बियन सैन्यासाठी रक्त सांडलं होतं. आता शहराच्या आत पांढरे तरुण आणि सर्बियन तुकड्या होत्या, बाहेरच्या डोंगरात हिरवे. मार्को दाकोविच हा पांढऱ्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक. पांढऱ्यांच्या बाजूला बिशप गाव्रिलो दोझिचही होता. तो पुढे सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चचा पाट्रिआर्क, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू, झाला. हिरव्यांकडे तोफा नव्हत्या, एकसूत्री आदेशव्यवस्था नव्हती, आणि समोर आपल्याच टोळीतली, कधी आपल्याच घरातली माणसं होती. वेढा फार टिकला नाही.

उठाव मोडल्यावर कोतोरमधला फ्रेंच जनरल व्हेनेल मध्यस्थीला आला. दोस्त राष्ट्रांच्या दबावाखाली खुद्द निकोलानेही आपल्या माणसांना शांतपणे घरी जाण्याचं आवाहन केलं. पॅरिसच्या शांतता परिषदेत माँटेनेग्रोसाठी एका प्रतिनिधीची जागा मोजून ठेवली होती, पण तिच्यावर कोण बसणार हे कधी ठरलंच नाही, आणि ती रिकामी राहिली. युद्धात जिंकलेल्या बाजूला असलेलं एक राज्य अशा रीतीने मिटलं. ब्रिटनने आपला जुना वकील काउंट द सालिस याला चौकशीसाठी पाठवलं होतं, पण त्याचा अहवाल ब्रिटिश सरकारने संसदेत मांडला नाही. हिरव्यांच्या बाबतीत माझी सहानुभूती जागी होते ती इथे. ते लढाई हरले हे दुःख एका बाजूला. त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेण्याची व्यवस्था कुणीच केली नाही, हे मला जास्त टोचतं.

डोंगरात उरलेल्यांचा छापामार संघर्ष १९२० च्या दशकात चालू राहिला. त्यांच्या नातेवाइकांची घरं जाळली गेली, गावं छळली गेली. बाकीचे समुद्रमार्गे इटलीत पोचले. इटलीला एड्रियाटिकच्या पलीकडे मोठं स्लाव राज्य नको होतं, आणि तिथली राणी निकोलाचीच मुलगी. रोम आणि नेपल्स यांच्या मधोमध असलेल्या गाएता या बंदरगावात या माणसांना माँटेनेग्रोचं निर्वासित सैन्य म्हणून ठेवलं गेलं. कवायत, हुद्दे, पगार, शपथ, सगळं राज्याच्या सैन्यासारखं. नोव्हेंबर १९२० मध्ये इटलीने रापाल्लो इथे युगोस्लाव राज्याशी सीमेचा करार केला आणि या सैन्याची गरज संपली. पुढच्या वर्षी ते मोडीत निघालं. १ मार्च १९२१ रोजी निकोला दक्षिण फ्रान्समध्ये आँतीबला वारला आणि इटलीत सान रेमोच्या रशियन चर्चमध्ये पुरला गेला. थोरल्या मुलाने, दानिलोने, आठवड्याभरात वारसा सोडून पुतण्या मिहाइलोच्या हाती दिला. मिहाइलो तेव्हा शाळकरी वयाचा होता.

आता झेंड्याकडे वळतो.

१९०५ च्या संविधानाने माँटेनेग्रोचे राष्ट्रीय रंग लाल, निळा आणि पांढरा असे ठरवले होते. आडवे तीन पट्टे, वर लाल, मधे निळा, खाली पांढरा. सर्बियाचे रंग आणि त्यांचा क्रमही हाच. हा योगायोग नाही; दोन्ही राजघराण्यांना एकाच वारशावर हक्क सांगायचा होता. तेव्हा १९१९ च्या नाताळात त्सेतिन्येच्या आतल्या लोकांचे आणि बाहेरच्या लोकांचे राष्ट्रीय रंग एकच होते. नव्या युगोस्लाव राज्याने स्वतःसाठी निळा-पांढरा-लाल असा वेगळा क्रम घेतला. जुना लाल-निळा-पांढरा तिरंगी पट्टा त्यामुळे दोन्ही मावळलेल्या राज्यांची आठवण म्हणून मागे राहिला.

मग राजनिष्ठ वेगळे ओळखायचे कशावरून? राजाच्या आद्याक्षरांवरून. निकोलाच्या काळात त्याच्या नावाची आणि 'पहिला' या अंकाची सिरिलिक अक्षरं राज्याच्या चिन्हांवर सर्रास असत. डोक्यावरच्या गोल टोपीवरही ती असत. तिची कड काळी, माथा लाल आणि त्या लाल माथ्यावर सोनेरी कमानींच्या आत भरतकाम केलेली ती दोन अक्षरं. जुन्या छायाचित्राची ओळख पटवताना मी आधी टोपीचा माथा पाहतो, कारण कृष्णधवल फोटोत झेंड्याच्या पट्ट्यांचा क्रम सांगता येत नाही, पण अक्षरं वाचता येतात. पोदगोरित्साच्या निर्णयानंतर ती अक्षरं डोक्यावर ठेवणं हे एक विधान होतं.

लाल झेंडे दोन प्रकारचे आहेत आणि ते वेगळे ठेवायला हवेत. पहिला 'क्रस्ताश-बार्याक', म्हणजे क्रूसाचा युद्धध्वज: लाल कापड, भोवती पांढरी किनार, मधोमध टोकांकडे रुंद होत जाणारा पांढरा क्रूस. हा रणांगणावरचा झेंडा. माँटेनेग्रोचं सैन्य टोळ्या आणि गावांच्या आधारे उभारलेलं असे, आणि 'बार्याक्तार', म्हणजे निशाणदार, हा मान घराण्यात वंशपरंपरेने चालत येई. झेंडा शत्रूच्या हाती पडणं ही पिढ्यान्‌पिढ्या पुसली न जाणारी नामुष्की. जुलै १८७६ मध्ये व्हुच्यी दो इथे माँटेनेग्रो आणि हर्झगोव्हिनाच्या लोकांनी मुख्तार पाशाच्या ऑटोमन सैन्याचा पाडाव केला, तेव्हाचं गोळ्यांनी चाळण झालेलं निशाण त्सेतिन्येच्या संग्रहालयात जपलेलं आहे. त्या कापडाकडे पाहिलं की निशाणदाराच्या अंगावरून किती शिसं गेलं असेल याची कल्पना येते. हिरवे जमले ते याच जुन्या टोळी-गाव-पलटण ओळखीने. त्यामुळे क्रूसाचं निशाण त्यांच्या जगातलं आहे, हे मी ठामपणे म्हणतो. पण ते त्यांच्या पक्षाचं नाही. समोरच्या पांढऱ्यांचे आजोबाही त्याच निशाणाखाली तुर्कांशी लढले होते.

दुसरा लाल झेंडा राजाचा स्वतःचा: लाल कापड, रुपेरी किनार, रुपेरी दुतोंडी गरुड आणि गरुडाच्या छातीवर पुन्हा तीच आद्याक्षरं. दुतोंडी गरुड बायझंटाइन वारशातून आला. पंधराव्या शतकात इथे राज्य करणाऱ्या त्स्र्नोयेविच घराण्याच्या चिन्हातही तो होता, आणि पेत्रोविचांनी तो पुढे चालवला. राजनिष्ठ चळवळीशी भावनेने सगळ्यात जवळचा झेंडा हाच. मात्र राजध्वज राजाच्या उपस्थितीची खूण असतो. राजा पॅरिसजवळच्या नोयीत असताना डोंगरातल्या कुठल्याशा तुकडीच्या हातात तो दाखवणं, हे चित्रकाराने गोष्ट सोपी करण्यासाठी केलेलं आहे.

सगळा गोंधळ कुठून आला हे २००४ च्या जुलैमध्ये झालेल्या बदलातून कळतं. १९९३ पासून माँटेनेग्रो गणराज्याचा झेंडा लाल-निळा-पांढरा तिरंगीच होता, फक्त निळा फिकट आणि कापड खूप लांब. २००४ च्या कायद्याने तो जाऊन लाल कापडावर सोनेरी किनार आणि सोनेरी गरुड असा आजचा झेंडा आला. निकोलाच्याच झेंड्यावर तो बेतलेला आहे. रुपेरी रंगाच्या जागी सोनेरी आला आणि राजाच्या आद्याक्षरांच्या जागी सिंह. २००६ च्या मे महिन्यात साडेपंचावन्न टक्के मतांनी देश सर्बियापासून वेगळा झाला तेव्हा स्वातंत्र्यवाद्यांच्या हाती हा लाल झेंडा होता, आणि सर्बियाशी नातं राखू पाहणाऱ्यांच्या हाती तिरंगी. आज त्सेतिन्येच्या रस्त्यावर तिरंगी झेंडा घेऊन कुणी उभं राहिलं तर लोक त्याला सर्बियाचा समर्थक समजतील.

हीच आजची विभागणी उचलून लोक १९१९ वर डकवतात. मग हिरव्यांना लाल गरुड मिळतो आणि पांढऱ्यांना तिरंगी, आणि चित्र आजच्या वाचकाला पटकन पटतं. प्रत्यक्षात निकोलाच्या राज्याचे संविधानमान्य रंग तेच तिरंगी होते, आणि त्या राज्याची बाजू घेणाऱ्याला ते नाकारण्याचं काहीच कारण नव्हतं. हिरव्यांच्या हातून तिरंगी काढून घेणं म्हणजे त्यांच्या मुख्य दाव्यावरच बोळा फिरवणं. शंभर वर्षांपूर्वीचे हिरवे आजच्या अर्थाने सर्बविरोधी नव्हते, आणि त्यांचं हे गुंतागुंतीचं रूप तिरंगी झेंडाच जास्त प्रामाणिकपणे दाखवतो. लाल झेंड्याची ओढ असणाऱ्या आजच्या माँटेनेग्रिन माणसाचा त्यात अपमान नाही. त्याच्या लाल झेंड्याला स्वतःचा जुना आणि मोठा वारसा आहेच.

दुसऱ्या महायुद्धाबद्दलही सांगायला हवं, कारण 'हिरव्यांचा झेंडा' म्हणून फिरणाऱ्या साहित्यात दोन काळ सर्रास मिसळलेले असतात. एप्रिल १९४१ मध्ये युगोस्लाविया कोसळल्यावर इटलीने माँटेनेग्रोचं राज्य पुन्हा उभारायचा घाट घातला. मिहाइलोला गादी देऊ केली गेली. आत्या इटलीची राणी असूनही त्याने ती नाकारली. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत आदर वाटतो तो या नकाराबद्दल. मग १२ जुलैला सेकुला द्रल्येविच आणि त्याच्या गटाने इटलीच्या छत्राखाली स्वतंत्र राज्याची घोषणा केली, आणि दुसऱ्याच दिवशी, १३ जुलैला, देशभर इटलीविरुद्ध उठाव पेटला. परतून आलेला क्रस्तो पोपोविच या काळात हिरव्यांची नवी फौज घेऊन उभा राहिला. १९४२ च्या उन्हाळ्यात इटालियन गव्हर्नर पिर्झियो बिरोलीने चेतनिक (सर्ब राजनिष्ठ फौजा) आणि हिरवे दोघांशी करार केला, आणि कम्युनिस्ट पार्टिझनांविरुद्धच्या तीन तुकड्यांपैकी एक पोपोविचकडे आली. त्याचा स्वतःचा मुलगा पार्टिझनांच्या बाजूने लढत होता. युद्धानंतर पोपोविच लपून राहिला आणि १९४७ मध्ये नव्या राजवटीच्या गुप्त पोलिसांच्या हातून मारला गेला.

१९१९ चा पोपोविच आणि १९४२ चा पोपोविच हा माणूस एक, पण परिस्थिती पूर्ण वेगळी. पहिल्या वेळी तो मोडलेल्या राज्याचा अधिकारी होता. दुसऱ्या वेळी परकीय सत्तेने शस्त्रं दिलेल्या फौजेचा सेनापती. पहिल्याबद्दल आदर वाटणाऱ्याने दुसरं झाकू नये, आणि दुसऱ्याचा राग असणाऱ्याने पहिलं पुसू नये. युगोस्लाव काळातल्या लिखाणात दुसऱ्या महायुद्धातल्या सहकार्याच्या डागामुळे १९१९ चा उठावही बराच काळ काळवंडूनच मांडला गेला. नंतरच्या काळात उलटं झालं, आणि पोपोविचचा पुतळ्यासारखा निर्दोष वीर झाला. झेंड्याच्या बाबतीत सांगायचं तर १९४१ नंतरच्या फौजेचं कोणतंही चिन्ह १९१९ च्या मजकुरासोबत लावू नये.

'माँटेनेग्रोचा हक्क, मान आणि स्वातंत्र्य यांसाठी' हे घोषवाक्य या उठावाच्या आठवणीशी आज जोडलेलं आहे आणि काही चित्रांत ते झेंड्यावर लिहिलेलं दिसतं. स्मारकांसाठी, कार्यक्रमांसाठी बनवलेलं कापड म्हणून ते ठीकच आहे, लोकांना आपल्या माणसांची आठवण ठेवायचा हक्क आहे. फक्त त्याखाली '१९१९' अशी तारीख टाकू नये. निकोलाचे आणि राणी मिलेनाचे अवशेष ऑक्टोबर १९८९ मध्ये त्सेतिन्येत परत आणले गेले. २०११ मध्ये माँटेनेग्रोच्या संसदेने पेत्रोविच-न्येगोश घराण्याच्या वारसांच्या स्थानाविषयी कायदा केला, त्यातून १९१८ चा अन्यायही मान्य झाला. राजसत्ता मात्र परत आली नाही, गणराज्य कायम आहे. या दोन घटनांनंतर या विषयावरची चित्रं, बिल्ले, झेंडे यांना मागणी वाढली. नेटवर सापडणाऱ्या चित्रांकडे पाहताना हेही ध्यानात ठेवावं.

आता थेट तुमच्या लेखाबद्दल. मजकूर १९१८ ते १९२१ या काळाचा असेल तर लाल-निळा-पांढरा आडवा तिरंगी द्या आणि चित्राखाली 'माँटेनेग्रोच्या राज्याचे राष्ट्रीय रंग' असं लिहा. 'हिरव्यांचा झेंडा' असं लिहू नका. निकोलाच्या आद्याक्षरांची जोड हवी असेल तर शेजारी टोपीचं छायाचित्र द्या, त्यातून राजनिष्ठा झेंड्यापेक्षा स्पष्ट दिसते. लढाईचं वर्णन मोठं असेल तर क्रूसाचं लाल निशाण देता येईल, पण 'माँटेनेग्रोच्या सैन्याचा पारंपरिक युद्धध्वज' या ओळीसह. निळा रंग १९९३ च्या झेंड्यासारखा फिकट आणि कापड अतिलांब आहे का, हे तपासा. तसं असेल तर ते चित्र गणराज्याचं आहे, राज्याचं नाही. लाल कापडावर सोनेरी गरुड आणि त्याच्या छातीवर सिंह दिसला तर तो २००४ नंतरचा झेंडा, तो फक्त लेखाच्या आजच्या काळाबद्दलच्या भागात वापरा. आणि हिरवं कापड असलेलं चित्र बाजूला ठेवून त्या जागी हिरव्या कागदावरच्या उमेदवारयादीची गोष्ट दोन ओळींत सांगा.

तुमच्याकडे एखादा जुना फोटो असेल, तर पाठवताना त्याची मागची बाजूही स्कॅन करा. फोटोग्राफरचा शिक्का आणि गावाचं नाव तिथे असतं, आणि गाएताचा फोटो असेल तर तो इटलीतल्या निर्वासित सैन्याचा आहे हे एका नजरेत कळतं.